डोळ्याला फसवायचं, ते दर वेळी नव्या युक्तीनं

पुण्यात ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं : “त्यात काय एवढं, सगळं कॉम्प्युटरवर केलेलं असतं.” चित्रपट आवडीनं बघणारी, चांगलं वाचणारी माणसंही हे सहज म्हणून जातात. एकदा असं म्हटलं की पुढे काही बघायची गरजच उरत नाही, आणि मला वाईट त्याचंच वाटतं. या तीन चित्रपटांत सुतार, लोहार, शिंपी, माळी, चामड्याचं काम करणारे, मूर्ती घडवणारे अशा कितीतरी हातांची कामं आहेत. संगणक त्यांतलाच एक कारागीर. गुणी आहे, पण एकटा नाही.

म्हणून पडद्यावरची ही दुनिया उभी कशी केली, ते जरा सावकाश बघू. गोष्ट माहीत नसली तरी अडणार नाही. जे. आर. आर. टॉल्किन यांच्या कादंबरीत हॉबिट नावाची साडेतीन फुटी माणसं आहेत. त्यांच्यातल्या फ्रोडोच्या हाती एक दुष्ट अंगठी येते आणि ती जिथे घडवली त्याच ज्वालामुखीत नेऊन टाकायचं काम त्याच्यावर येऊन पडतं. सोबतीला गँडाल्फ नावाचा उंचापुरा जादूगार, काही माणसं, एक एल्फ, एक ड्वार्फ आणि तीन हॉबिट. दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांनी तिन्ही भाग न्यूझीलंडमध्ये सलग चित्रित केले, ऑक्टोबर १९९९ ते डिसेंबर २०००, मुख्य चित्रीकरणाचे २७४ दिवस. २००१, २००२ आणि २००३ साली ते प्रदर्शित झाले, आणि शेवटच्या भागाला ११ ऑस्कर मिळाली.

आता मुद्द्याचं. पडद्यावरच्या प्रत्येक युक्तीला आयुष्य असतं, आणि ते काही सेकंदांचंच असतं. आपला डोळा फार चाणाक्ष. पहिल्या क्षणी तो फसतो, दुसऱ्या क्षणी त्याला काहीतरी खटकतं, तिसऱ्या क्षणी त्यानं चोरी पकडलेली असते. या चित्रपटांची खरी कारागिरी एखाद्या थोर युक्तीत शोधू नका. डोळ्याला संशय यायच्या आत युक्ती बदलायची, ही त्यांची रीत आहे. एकदा ही रीत लक्षात आली की चित्रपट पुन्हा बघताना मजा कमी होत नाही. माझ्या मते ती दुप्पट होते.

साडेतीन फुटांचा माणूस

फ्रोडोचं काम करणारा एलायजा वूड साधारण साडेपाच फूट उंच आहे. गँडाल्फ झालेले इयान मकेलन सहा फुटांच्या जवळपास. दोघांत जेमतेम वीतभर फरक. पडद्यावर मात्र फ्रोडो गँडाल्फच्या कमरेच्या थोडाच वर आला पाहिजे, आणि तोही एकाच चौकटीत, एकाच टेबलाशी बसून गप्पा मारताना.

यातली सगळ्यात जुनी युक्ती अंतराची. आपल्याला जवळ-लांबचं अंतर कळतं ते बऱ्याच अंशी दोन डोळ्यांमुळे, कारण प्रत्येक डोळ्याला थोडं वेगळं चित्र दिसतं. कॅमेऱ्याला डोळा एकच. त्याच्या दृष्टीनं लांबचा मोठा माणूस आणि जवळचा लहान माणूस यांत फरक नसतो. समजा, गँडाल्फ कॅमेऱ्यापासून ३ मीटरवर बसला आणि फ्रोडो ५ मीटरवर. पडद्यावरचा आकार अंतराच्या व्यस्त प्रमाणात ठरतो, म्हणून फ्रोडो मूळच्या तीन पंचमांश दिसणार. साडेपाच फुटांचा नट झाला सव्वातीन फुटांचा हॉबिट!

पण मग ते एकाच टेबलाशी बसलेले कसे दिसणार? टेबलच दोन तुकड्यांत बनवायचं. एक तुकडा पुढे, एक मागे, आणि कॅमेऱ्यातून पाहिलं की दोन्हींच्या कडा बरोबर जुळाव्यात. पुढच्या तुकड्यावरची भांडी लहान, मागच्या तुकड्यावरची मोठी. नटांनाही कसरत करावी लागते. ते एकमेकांच्या डोळ्यांत बघू शकत नाहीत. गँडाल्फनं बघायचं ते फ्रोडो पडद्यावर जिथे दिसेल त्या रिकाम्या जागेकडे, आणि फ्रोडोनंही तसंच. पहिल्या चित्रपटात दोघं घोडागाडीतून हॉबिटांच्या गावी, हॉबिटनमध्ये येतात, तो प्रसंग पाहा. गाडीची बैठकच अशी बनवली होती की फ्रोडो बराच मागे बसला आहे. पडद्यावर मात्र दोघं खांद्याला खांदा लावून बसल्यासारखे वाटतात.

या युक्तीचा एक शत्रू आहे : हलता कॅमेरा. पुण्याहून खडकवासल्याकडे जाताना रस्त्याकडेचे खांब भराभर मागे पळतात आणि सिंहगड जागचा हलत नाही. जवळचं जास्त सरकतं, लांबचं कमी. कॅमेरा बाजूला सरकला की गँडाल्फ आणि फ्रोडो वेगवेगळ्या वेगानं सरकणार, टेबलाचे तुकडे सुटे होणार आणि चोरी उघडी पडणार. म्हणून या युक्तीच्या वेळी कॅमेरा ठेवायचा तो स्थिर, असा वर्षानुवर्षांचा दंडक होता. जॅक्सन यांच्या लोकांनी तो मोडला. त्यांनी नटाची बैठक आणि टेबलाचा तुकडाही चाकांवर ठेवला आणि त्यांची हालचाल कॅमेऱ्याच्या हालचालीशी यंत्रानं जोडून टाकली. कॅमेरा सरकला की हिशेबानं तेही सरकतात, आणि पडद्यावर कडा जुळलेल्याच राहतात. फ्रोडोला सांभाळणाऱ्या बिल्बो या म्हाताऱ्या हॉबिटच्या घरात गँडाल्फ टेबलाशी बसलेला असताना हे घडतं. मी त्या शॉटला मनापासून दाद देतो, कारण कॅमेरा हलतोय म्हणजे फसवणूक नसणार असं आपल्या डोळ्यानं गृहीत धरलेलं असतं, आणि नेमका तोच विश्वास इथे कामाला लावला आहे.

तरी हीच युक्ती चारदा वापरली असती तर आपण पकडलीच असती. म्हणून बिल्बोचं घर दोन मापांत बांधलं. एक मोठं, ज्यात हॉबिट झालेले नट लहान दिसतात. दुसरं आखूड, ज्यात मकेलन यांना वाकावं लागतं. गँडाल्फ घरात शिरताना टांगलेल्या दिव्याला थडकतो, वळतो आणि तुळईवर डोकं आपटतो, ते याच लहान घरात. घर दोन मापांचं म्हणजे आतल्या वस्तूही दोन मापांत लागणार : कप, पुस्तकं, खुर्च्या, मेणबत्त्या, सगळं.

तिसरी युक्ती बदली नटांची. पाठमोरा शॉट असेल तर लहान चणीचा नट हॉबिटचे कपडे घालून चालतो. फ्रोडोसाठी हे काम किरण शाह यांनी केलं. हॉबिटच्या चेहऱ्याजवळ गँडाल्फचा नुसता खांदा हवा असेल, तर तिथे सात फुटी माणूस उभा राहतो. चौथी युक्ती इतकी साधी की तिला युक्ती म्हणवत नाही : एकजण वर बघतो, दुसरा खाली बघतो, दोघांचे चेहरे वेगवेगळे घेतलेले. आधीच्या तीन युक्त्यांनी आपली खात्री पटवलेली असते, त्या जोरावर ही चौथी फुकटात चालून जाते.

गिम्ली या ड्वार्फच्या बाबतीत तर पात्रनिवडीनंच काम हलकं केलं. जॉन ऱ्हिस-डेव्हिस सहा फुटांहून उंच आहेत, म्हणजे फ्रोडो आणि मंडळींपेक्षा चांगलेच उंच. गोष्टीतही ड्वार्फ हॉबिटपेक्षा थोडा उंचच असतो. त्यामुळे गिम्ली आणि चार हॉबिट एकाच शॉटमध्ये, काही न करता, बरोबर दिसतात. लहान करायचं ते पाचांना एकदमच.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. याच मंडळींनी २०१२ मध्ये ‘द हॉबिट’ मालिका आणली ती थ्रीडीमध्ये. थ्रीडी कॅमेऱ्याला दोन भिंगं, म्हणजे दोन डोळे, आणि अंतराची युक्ती जगते ती एका डोळ्यावर. ती तिथेच संपली. मग मकेलन यांना हिरव्या सेटवर एकट्यानं अभिनय करावा लागला, समोर सहकलाकारांऐवजी त्यांचे फोटो लावलेले. माझ्या मते पहिल्या तीन चित्रपटांतला ओलावा पुढच्या तिनांत कमी झाला, त्याचं एक मोठं कारण हे आहे. तंत्र पुढे गेलं आणि नट एकमेकांपासून लांब गेले.

किल्ला लहान, तोफ मोठी

आता किल्ल्यांकडे. हेल्म्स डीपचा किल्ला, मिनास टिरिथचं सात मजली पांढरं नगर, सारुमान या दुष्ट जादूगाराचा बुरूज, हे सगळं लहान मापाच्या प्रतिकृतींत उभं केलं होतं. लहान म्हणायचं ते नावापुरतं. काही प्रतिकृती इतक्या अजस्र होत्या की त्या बनवणाऱ्या वेटा वर्कशॉपच्या लोकांनी त्यांना ‘बिगेचर’ (‘बिग’ अधिक ‘मिनिएचर’) असं लाडाचं नाव ठेवलं. मिनास टिरिथ १:७२ मापाचं होतं, म्हणजे सहा फुटी माणूस त्यात बरोबर एक इंचाचा. हेल्म्स डीप १:३५ मध्ये एकदा आणि १:४ मध्ये एकदा बनवलं. त्याशिवाय दरवाजा आणि तटाचा काही भाग वेलिंग्टनजवळच्या एका दगडखाणीत खऱ्या मापात बांधला.

दिवाळीत सोसायटीच्या कोपऱ्यात आपण मातीचा किल्ला करतो. हळीव पेरतो, पायऱ्या कोरतो, मावळे उभे करतो. सुंदर दिसतो, पण मोबाइलवर फोटो काढला की किल्ला खेळण्यातलाच वाटतो. का? मावळा दरवाजापेक्षा उंच असतो, हे एक झालं. पण मावळे काढून टाकले तरी तसंच वाटतं, कारण काही गोष्टी लहान होतच नाहीत.

पहिली गोष्ट, पाणी आणि आग. किल्ला कितीही लहान केला तरी पाण्याचा थेंब थेंबाएवढाच राहतो आणि ज्योत ज्योतीएवढीच. म्हणून पूर, आग, पडझड दाखवायची असेल तेव्हा प्रतिकृती जमेल तितकी मोठी करतात.

दुसरी, पडण्याचा वेग. ६४ फूट उंच तटावरून दगड पडायला २ सेकंद लागतात. हाच तट सोळापट लहान केला तर ४ फुटांचा होतो, आणि ४ फुटांवरून दगड अर्ध्या सेकंदात खाली येतो. उंची सोळापट घटली, वेळ मात्र चौपटच. डोळ्याला हे गणित येत नाही, पण ते त्याच्या अंगात मुरलेलं असतं. इतक्या झटकन पडला म्हणजे तट ठेंगणा, हे तो लगेच ओळखतो. उपाय असा : सेकंदाला २४ ऐवजी ९६ चित्रं घ्यायची आणि ती २४ च्या गतीनं दाखवायची. अर्धा सेकंद पुन्हा दोन सेकंद होतो आणि दगडाला वजन येतं. इमारती कोसळण्याच्या शॉटमध्ये धूळ किती सावकाश पसरते, त्याकडे लक्ष द्या. त्या सावकाशीतून आपल्याला आकार कळत असतो.

तिसरी, फोकस. लहान वस्तूच्या अगदी जवळ भिंग नेलं की तिचा एक पातळ पापुद्रा तेवढा स्पष्ट येतो, मागचं पुढचं धूसर. तुमच्या फोटोतला किल्ला खेळणं वाटतो त्याला बऱ्याच अंशी हे कारण आहे. सगळं एकदम स्पष्ट हवं तर भिंगाचं छिद्र अगदी बारीक करावं लागतं, मग उजेड कमी पडतो, मग एकेक चित्र सेकंदभर किंवा त्याहून जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं. म्हणून कॅमेरा यंत्राच्या हाताला बांधून मुंगीच्या पावलांनी पुढे नेतात. पडद्यावर गरुडासारखी झेप वाटते ती प्रत्यक्षात तासन्‌तास चाललेली असते. यंत्राचा फायदा हा की तोच मार्ग ते पुन्हा पुन्हा तंतोतंत चालतं. एकदा पूर्ण उजेडात, एकदा नुसते खिडक्यांतले दिवे लावून, एकदा धूर सोडून. मग सगळे थर एकावर एक बसवतात. हे काम ॲलेक्स फंक यांच्या हाताखालच्या तुकडीनं केलं.

चौथी गोष्ट हवा. पर्वतीवरून सकाळी सिंहगड पाहिला तर तो निळसर आणि फिका दिसतो, कारण मधे कितीतरी मैलांची हवा असते. प्रतिकृती आणि भिंग यांच्यामध्ये जेमतेम काही फूट. म्हणून खोलीत बारीक धूर भरून ती हवा कृत्रिमरीत्या आणायची.

हेल्म्स डीपची लढाई आता पुन्हा बघा. खऱ्या मापाच्या तटावर माणसं झुंजताहेत, हे शूटिंग काही महिने रात्रीच्या रात्री चाललं होतं. मग दूरचं दृश्य येतं, ती प्रतिकृती. तिच्यापुढे सारुमानच्या दहा हजार उरुक-हाय राक्षसांचं सैन्य, ते संगणकातलं. मग पुन्हा चेहरे, पाऊस, चिखल. एकाही जागी आपण एवढा वेळ थांबत नाही की शंका यावी. संपादकाची कात्री हेच इथलं सगळ्यात मोठं स्पेशल इफेक्ट आहे, असं मी ठामपणे म्हणेन.

त्या दहा हजारांविषयी थोडंसं. सैनिक एकेक करून हलवले असते तर जन्म गेला असता, आणि एकच हालचाल सगळ्यांना दिली असती तर कवायत दिसली असती. स्टीफन रेगेलस यांनी ‘मॅसिव्ह’ नावाची प्रणाली लिहिली. तिच्यात प्रत्येक सैनिकाला आजूबाजूचं ‘दिसतं’ आणि ‘ऐकू येतं’, आणि समोर कोण आहे, जमीन चढाची की उताराची, यावरून तो पुढची हालचाल स्वतः निवडतो. वार करायचा, चुकवायचा की वळायचं. त्यामुळे गर्दीत गर्दीचा बेशिस्तपणा आला.

न दिसणारी कामं

चित्रपटातल्या चिलखती कड्यांच्या जाळ्या मला फार आवडतात. प्लॅस्टिकच्या नळीचे बारीक वेढे कापून, ते एकात एक हातानं गुंफून त्या केल्या आणि मग त्यांना धातूचा रंग दिला. सव्वा कोटीच्या आसपास कड्या भरतील, आणि हे काम वर्षानुवर्षं चाललं. हॉबिटन वसवलं ते माटामाटाजवळच्या एका मेंढ्यांच्या कुरणावर, आणि तिथल्या बागा, भाज्या शूटिंगच्या वर्षभर आधी लावून वाढू दिल्या, म्हणजे परसबाग मुरलेली दिसावी. राजा थिओडेन झालेल्या बर्नार्ड हिल यांच्या चिलखताच्या आतल्या बाजूलाही नक्षी होती. ती कॅमेऱ्याला कधीच दिसणार नव्हती. दिसत होती ती चिलखत चढवताना खुद्द राजालाच. अशा कामाला उधळपट्टी म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. नट त्या चिलखतात वेगळा उभा राहतो, आणि ते उभं राहणं कॅमेऱ्याला दिसतं.

गॉलम हे पात्र मात्र पूर्णपणे संगणकातलं, आणि तरी तेही एका माणसाच्या शरीरातून आलेलं. अँडी सर्किस सेटवर इतर नटांबरोबर चार पायांवर वावरत, घसा खरवडत तो प्रसंग करायचे. मग तोच अभिनय ते खुणांचा पोशाख घालून पुन्हा करायचे आणि शरीराची हालचाल नोंदली जायची. ‘द टू टॉवर्स’मध्ये चेहरा मात्र चित्रकारांनी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत बघत हातानं घडवला. त्वचेचं काम तर बारकाईनं बघण्यासारखं आहे. अंधारात मोबाइलचा टॉर्च बोटामागे धरा, बोट लालसर उजळतं. म्हणजे उजेड त्वचेवरून नुसता परतत नाही, आत शिरतो, पसरतो आणि मग बाहेर येतो. आधीच्या संगणकी माणसांची कातडी मेणाची वाटायची, कारण उजेड आत शिरतच नसे. गॉलमच्या कातडीत तो शिरवला. त्याचे कान पाहा.

कानाला फसवणं

डोळ्यासाठी जे केलं तेच कानासाठी. बालरॉग नावाच्या अग्निराक्षसाचा आवाज कशाचा असेल? लाकडी जमिनीवरून सिमेंटचा ठोकळा घासत नेल्याचा. आवाजाला वजन आणि खरखर असली की कान बाकीचं स्वतःच भरून काढतो. नाझगूल या काळ्या झग्यातल्या भुतासारख्या स्वारांच्या किंचाळीमागे फ्रॅन वॉल्श आहेत, पटकथाकारांपैकी एक.

आणि दहा हजार सैनिकांचा गजर? क्रिकेटच्या मैदानावरून! २००२ मध्ये वेलिंग्टनला न्यूझीलंड आणि इंग्लंड यांचा एकदिवसीय सामना होता. मधल्या विश्रांतीत जॅक्सन स्वतः मैदानात उतरले, मोठ्या पडद्यावर उरुक-हायच्या भाषेतले शब्द झळकले, आणि सुमारे २५,००० प्रेक्षकांनी ते ओरडून म्हटले, पाय आपटले, छात्या बडवल्या. काही माणसं बोलावून त्यांचा आवाज गुणत नेला असता तर असा परिणाम साधला नसता. हजारो गळ्यांत एकेक क्षणाचा मागेपुढेपणा असतो, मैदानाचा घुमारा असतो, तो आपला कान ओळखतो.

हॉवर्ड शोअर यांच्या संगीताबद्दल तर आपल्याकडच्या कानसेनांशी बोलायला मजा येईल. प्रत्येक प्रदेशाला त्यांनी स्वतःची धून, स्वतःची वाद्यं आणि स्वतःची चाल दिली. शायर या हॉबिटांच्या प्रदेशाला बासरीसारखी व्हिसल आणि फिडल. घोडेस्वारांच्या रोहनला नॉर्वेचं हार्डेंजर फिडल. या वाद्याला वाजवायच्या तारांखाली तरफेच्या तारा असतात, आपल्या सारंगीसारख्याच, म्हणून त्याच्या सुरामागे एक भरीव गुंजन राहतं. रोहनचं राज्य पोकळ होत चाललं आहे, आणि तरी त्यात जुन्या वैभवाची आस आहे, हे त्या तरफा सांगतात. अंगठी जिथे टाकायची त्या ज्वालामुखीच्या दुष्ट प्रदेशासाठी, मॉर्डोरसाठी, उत्तर आफ्रिकेतलं रैता, म्हणजे आपल्या सनईचंच भावंड शोभेल असं दुहेरी पातीचं वाद्य. आणि सारुमानच्या कारखान्याला पाच मात्रांची चाल, लोखंडावर ठोकलेली. पाश्चात्त्य कानाला चारची सवय असते, पाचवी मात्रा आली की पाऊल अडखळतं. झपतालात वाढलेल्या कानाला पाचाची भीती नाही, पण इथे ते पाच जणू माणसानं न म्हणता यंत्रानं ठोकावेत तसे येतात, आणि आपल्यालाही अस्वस्थ करतात.

हे सगळं पुण्याला परकं नाही

बालरॉगपासून लॉ कॉलेज रस्त्यापर्यंतचं अंतर वाटतं तेवढं नाही. दादासाहेब फाळके जादूचे प्रयोग करत, स्वतःचं नाव उलटं करून ‘प्रोफेसर केळफा’ म्हणवून घेत. पहिला चित्रपट काढण्याआधी, १९१२ मध्ये, त्यांनी कुंडीतल्या अंकुराची वाढ दिवसेंदिवस थोडी थोडी चित्रित करून दाखवली होती. ‘लंकादहन’मध्ये (१९१७) राम आणि सीता दोघंही अण्णा साळुंके. आणि चित्रपट कसा तयार होतो हे दाखवणारा लघुपटही फाळक्यांनी तेव्हाच केला. पडद्यामागचं पडद्यावर आणण्याची हौस आपल्याकडे शंभर वर्षांहून जुनी आहे. त्यांच्या काळी निम्मं भिंग झाकून फिल्म चालवायची, मग ती मागे गुंडाळून उरलेलं निम्मं उघडायचं, अशी दोन दृश्यं एकत्र येत. आज संगणकात थरावर थर बसवतात, त्याचं हे आजोबाच.

कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांनी कॅमेरा स्वतः बनवला. त्यांच्या ‘सैरंध्री’त (१९२०) कीचकवध इतका खरा वाटला की तो भाग कापावा लागला. हा चित्रपट पुण्यात मंडईजवळच्या आर्यन थिएटरात लागला होता, आणि लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हटलं. त्यांच्याच तालमीतले दामले, फत्तेलाल, शांताराम यांनी सहकाऱ्यांसह १९२९ मध्ये प्रभात कंपनी काढली आणि १९३३ मध्ये ती पुण्यात आणली. आज तिथे चित्रपट संस्था आहे, १९६० पासून.

‘संत तुकाराम’ (१९३६) बघा. दामले-फत्तेलालांचं दिग्दर्शन, विष्णुपंत पागनीस तुकाराम, गौरी जिजाई. शेवटी विमान येतं, तुकाराम वैकुंठाला निघतात. आजच्या डोळ्याला त्या विमानाची युक्ती कळते. तरी अंगावर काटा येतो, कारण त्याआधी दीड-दोन तास आपण चूल, पोरं, रिकामा डबा आणि जिजाईचा त्रागा पाहिलेला असतो. चमत्काराला घराचा पाया दिलेला आहे. व्हेनिसच्या महोत्सवात १९३७ मध्ये या चित्रपटाचा गौरव झाला, तिथल्या प्रेक्षकांना ना अभंग माहीत होते ना देहू. मॉर्डोरच्या वाटेवर फ्रोडोचा सोबती सॅम आपली स्वयंपाकाची भांडी पाठीवर वागवतो, ते पाहताना मला दर वेळी जिजाई आठवते. अद्भुताला तोलून धरायला कुणीतरी जेवणाची काळजी करणारं लागतं.

चित्रपट असा उलगडून बघायची शिस्तही या शहरानं लावली. प्रा. सतीश बहादूर चित्रपट संस्थेत रसास्वाद शिकवत, एकेक शॉट थांबवून. १९६४ मध्ये स्थापन झालेलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पी. के. नायर यांनी उभं केलं, फिल्मचे डबे गोळा करत. या दोन संस्थांच्या रसास्वाद वर्गातून कितीतरी सामान्य प्रेक्षक चांगले प्रेक्षक होऊन बाहेर पडले.

घरी करून बघायचं असेल तर पूर्ण चित्रपट घेऊन बसू नका. वाढीव आवृत्तीच्या डीव्हीडींमध्ये प्रत्येक भागासोबत दोन तबकड्या नुसत्या निर्मितीच्या कहाण्यांच्या आहेत, पण त्याही नंतर. आधी गँडाल्फ बिल्बोकडे चहाला येतो तो पहिल्या चित्रपटातला प्रसंग घ्या. एकदा आवाज बंद करून बघा आणि प्रत्येक कटला विचारा : आत्ता कोण खरा आहे, कोण बदली? टेबलाच्या कडा कुठे जुळतात? चेहरा कुठल्या शॉटमध्ये दिसत नाही? मग डोळे मिटून नुसता ऐका, लाकूड, किटली, पावलं. तिसऱ्यांदा काहीच न शोधता बघा. दोघे जुने मित्र आहेत हे तुम्हाला तिसऱ्यांदाही पटतं का, तेवढं तपासा. नंतर त्याच दिवशी ‘संत तुकाराम’ची शेवटची पंधरा मिनिटं लावा.